भजी ताटात येईपर्यंत मऊ का पडतात?

(हे या भागाचं शब्दांकन. बोलतानाची अडखळ आणि दोनदा आलेली वाक्यं काढलीत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. कढईचे आवाज मात्र इथे लिहिता येत नाहीत, त्यासाठी ऑडिओ लावा.)

बाहेर पाऊस आहे, खिडकी उघडी आहे, त्यामुळे मागे रिक्षाचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या. आज मी स्टुडिओत नाही, स्वयंपाकघरात आहे. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलाय.

झालं असं की गेल्या आठवड्यात एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. पुण्यात नोकरीला आहे, तिघी मिळून फ्लॅटमध्ये राहतात. ती म्हणते, "ताई, मी रील बघून तीनदा कांदा भजी केली. कढईतून काढली की कुरकुरीत असतात, फोटो काढेपर्यंत ठीक असतात, आणि चहा ओतून होईपर्यंत त्यांची गादी झालेली असते. आईला विचारलं तर ती म्हणते, पीठ अंदाजानं घाल. माझ्याकडे अंदाज नाहीये हो!"

हे शेवटचं वाक्य मी चार वेळा ऐकलं, कारण माझ्याकडेही नव्हता. माझी आई चिपळूणची. तिकडे पाऊस सुरू झाला की भजी हा पदार्थ राहत नाही, हवामान होऊन जातो. पण तिला कृती विचारली की ती म्हणणार, "अगं, पीठ मागेल तेवढं पाणी घालायचं." पीठ मागतं म्हणजे काय? मला तर ते कधी काही बोललं नाही! तर आजचा भाग म्हणजे आईच्या अंदाजाच्या आत नेमकं काय असतं, ते उलगडायचा प्रयत्न. रेसिपी पण सांगणार आहे, पण कारणासकट. कारण समजलं की रेसिपी विसरली तरी चालते.

सादळणं

आपल्याकडे एक फार चांगला शब्द आहे. पापड उघडा राहिला की काय होतो? सादळतो. पापड तोच, मीठ-मसाला तोच, फक्त त्यानं हवेतलं थोडंसं पाणी ओढून घेतलं, बास. कुरकुरीतपणा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, पाणी नसणं. पिठातला स्टार्च आणि प्रथिनं कोरडी असली की काचेसारखी कडक असतात, दात लावला की तडकतात. त्यात पाणी शिरलं की तीच रबरासारखी लवचिक होतात.

आता भजं बघा. वरचं कवच कोरडं, आत कांदा किंवा बटाटा, म्हणजे ओला. कांद्यात जवळपास ८५ ते ९० टक्के पाणीच असतं. भजं कढईबाहेर आलं तरी आतली वाफ बाहेर यायचा प्रयत्न करतच राहते, आणि येताना वाटेत कवच लागतं. म्हणजे तुमचं भजं बाहेरच्या पावसानं सादळायच्या आधी आतल्या पाण्यानं सादळतं. आपल्या श्रोतीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. तिचं कवच झालं होतं, पण आत पाणी फार उरलं होतं.

तेव्हा तळणं ही क्रिया पाणी काढण्याची आहे, हे डोक्यात ठेवा. तेल फक्त उष्णता पोचवतं. कढईत जे बुडबुडे दिसतात ना, ते तेल "उकळतंय" म्हणून नसतात. तेल उकळत नाहीये. ते भज्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय.

ऐका आता. मी एक भजं सोडतेय.

[कढईचा आवाज]

हा मोठा "चर्रर्र" म्हणजे भरपूर पाणी निघतंय. आता थांबू या जरा... ऐकू येतंय? आवाज बारीक होत चाललाय. बुडबुडे पण लहान आणि कमी झालेत. म्हणजे कवचातलं पाणी संपत आलं. माझी आई भजी तळताना दुसरीकडे तोंड करून कोणाशी तरी बोलत असते आणि बरोबर वेळेला वळून झारा घालते. मला लहानपणी ती जादू वाटायची. ती कानानं तळते! रंग बघून काढाल तर फसाल, कारण रंग तिखटानं, हळदीनं, जास्त तापलेल्या तेलानं, कशानंही येतो. आवाज मात्र पाण्याचाच असतो. पॉडकास्ट ऐकणाऱ्या माणसांना याहून सोपी टिप काय देणार?

तेल किती तापलं?

भज्यांसाठी तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर कोणाकडे नसतो, माझ्याकडेही नाही. पिठाचा एक थेंब सोडा. तो तळाशी जाऊन बसला आणि निवांत वर आला, तर तेल थंड. खाली जाता जाता लगेच वर उसळला आणि भोवती बुडबुडे आले, तर बरोबर. पडल्या पडल्या तपकिरी झाला, तर जास्त तापलंय. गॅस कमी करा आणि मिनिटभर थांबा.

तेल थंड असेल तर कवच धरायला वेळ लागतो, भजं तेलात लोळत राहतं आणि तेलकट होतं. हे सगळ्यांना माहीत असतं. उलटी चूक मात्र जास्त जण करतात. तेल फार तापलेलं असलं की भजं दीड मिनिटात सुंदर तांबूस होतं, आपण खूश होऊन काढतो, आणि आतलं पाणी तसंच राहिलेलं असतं. पाच मिनिटांत गादी! माझा अंदाज असा की आपल्या श्रोतीचं हेच होत असणार, कारण ती म्हणाली "रंग मस्त येतो".

आणि गर्दी. हे जरा नीट सांगते. पाण्याची वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. शून्य अंशाचं पाणी शंभर अंशांपर्यंत तापवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त त्याच पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे तुम्ही कढईत सोडलेलं प्रत्येक भजं तेलातली उष्णता ओढून घेतंय. छोट्या कढईत एकदम बारा-पंधरा भजी टाकली तर तेल १८० वरून धाडकन दीडशेच्याही खाली येऊ शकतं. टपरीवाला एका वेळी पन्नास टाकतो, कारण त्याच्याकडे पाच-सहा लिटर तेल आणि खाली भट्टीसारखा शेगडीचा जाळ असतो. आपल्याकडे अर्धा लिटर तेल आणि घरचा बर्नर. आपण पाच-सहाच सोडायची. दर घाण्याच्या मध्ये अर्धा मिनिट थांबून पुन्हा थेंब टाकून बघायचं. इंडक्शनवाल्यांनी तर आणखी सबुरीनं, आणि सपाट बुडाचंच भांडं घ्या.

कांदा भजी, म्हणजे खेकडा भजी

सिंहगड चढून गेलात तर वर पिठलं-भाकरी आणि दही विकणाऱ्या मावशींकडे जी कांदा भजी मिळतात ना, ती डोळ्यासमोर आणा. गोल गोळा नसतो तो. कांद्याच्या पाकळ्या इकडे तिकडे पाय फेकल्यासारख्या बाहेर आलेल्या असतात, म्हणून खेकडा. हे आकाराचं नखरेल काम नाही बरं का. जितके पाय बाहेर, तितकी तेलाला लागणारी बाजू जास्त, तितकं पाणी पटकन बाहेर. गोल गरगरीत भज्याच्या पोटात कच्चं पीठ आणि वाफ अडकून बसते.

दोन मोठे कांदे घ्या. उभे, पातळ चिरा, पण कागदासारखे नको, नाहीतर जळतात. पाकळ्या हातानं सुट्या करा. त्यात पाऊण छोटा चमचा मीठ घालून, हलकं चोळून, १५ ते २० मिनिटं बाजूला ठेवा. या वेळात रील बघा, आईला फोन करा, काहीही करा. मीठ कांद्याच्या पेशींमधलं पाणी बाहेर खेचतं. परत याल तेव्हा कांदा लवलेला आणि बुडाशी पाणी सुटलेलं असेल.

आता हे पाणी फेकायचं नाही! हेच आपलं पाणी. त्यात तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा, कोथिंबीर घाला. मग बेसन, भुरभुरत, मुठीमुठीनं. दोन कांद्यांना अर्धी ते पाऊण वाटी पुरतं. दोन चमचे तांदळाचं पीठ. वरून पाणी एक थेंबही नाही. हातानं कालवा. पाकळ्यांना पीठ नुसतं चिकटलेलं दिसलं पाहिजे, खाली पिठाचं डबकं नको. इथे मला "पीठ मागेल तेवढं पाणी" हे आईचं वाक्य कळलं. खरं म्हणजे ते उलटं आहे: पाणी मागेल तेवढं पीठ! तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तेच तर सांगतेय इतकी वर्षं." बरं.

पाणी का नाही घालायचं? कारण घातलेलं प्रत्येक चमचाभर पाणी पुन्हा कढईत वाफ करून काढायचंय. आधी घालायचं, मग काढायचं, कशाला तो खटाटोप?

शेवटी एक मोठा चमचा कडकडीत तेल पिठावर ओता, म्हणजे मोहन. चमच्यानं मिसळा, लगेच हात घालू नका, भाजेल. तेल पिठाच्या कणांना लपेटतं, त्यामुळे कवच चिवट न होता खुसखुशीत होतं. आणि कालवल्यावर लगेच तळायला घ्या. अर्धा तास तसंच ठेवलंत तर मिठानं आणखी पाणी सुटतं आणि घट्ट कालवलेलं पीठ पातळ होऊन बसतं. मग आपण वर आणखी बेसन घालतो आणि भजी जाड होतात. पाहुणे दाराशी आल्यावरच पीठ कालवा, कांद्याला मीठ मात्र आधी लावून ठेवा.

सोडा, बर्फाचं पाणी आणि रीलवाले

सोड्याबद्दल माझं मत आधीच सांगते: खेकडा भज्यांना सोडा अजिबात नको. बटाट्याच्या भज्यांना हवाच असेल तर वाटीभर बेसनाला चिमूट, तीही दोन बोटांची. खायचा सोडा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, पीठ फुगतं, भजं हलकं होतं. इथपर्यंत छान. पण जास्त झाला तर पिठाला जाळी पडते, त्या जाळीत तेल जाऊन बसतं, आणि तोंडात साबणासारखी चव रेंगाळते. ओळखायची खूण पण आहे. हळद सोड्यात लालसर होते. शाळेत हळदीचा कागद केला होता ना, त्यावर साबणाचं पाणी टाकलं की लाल व्हायचा? तेच. भज्यांवर तांबडे ठिपके दिसले तर समजायचं, सोडा जास्त झालाय किंवा नीट मिसळलेला नाही.

दुसरं, "पीठ बर्फाच्या पाण्यात भिजवा, जास्त हलवू नका". हा सल्ला चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या गावचा आहे. जपानी तेंपुरा गव्हाच्या मैद्यात करतात. मैद्यात पाणी घालून घोटलं की ग्लुटेन तयार होतं, म्हणजे पोळीच्या कणकेला जो ताण येतो तो, आणि त्यानं कवच चिवट होतं. थंड पाणी आणि कमी हलवणं त्यासाठी. बेसन हरभऱ्याच्या डाळीचं. त्यात ग्लुटेन नसतंच! तेव्हा बर्फ कशाला शोधता? उलट बटाटा भज्यांचं पीठ छान फेटा, गुठळ्या मोडतात आणि हवा शिरते. तेंपुरा जपानमध्ये सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून आला असं मानतात. तेच पोर्तुगीज तेव्हा गोव्यातही होते, पण आपण आपलं बेसन सोडलं नाही. असो, विषयांतर झालं.

तांदळाच्या पिठाचं मात्र खरं आहे. त्यात प्रथिनं कमी आणि स्टार्च जास्त, म्हणून कवच कडक आणि ठिसूळ होतं. वाटीभर बेसनाला दोन मोठे चमचे पुरे. त्याहून जास्त घातलंत तर भजी दगडासारखी होतील, आणि गार झाल्यावर दातांची परीक्षा.

बटाटा, घोसाळी, मिरची आणि पानं

बटाट्याच्या भज्यांची तक्रार वेगळी असते: कवच एकीकडे, बटाटा एकीकडे. याला कारण काप ओले असतात. पिठाच्या आणि कापाच्या मध्ये पाणी राहिलं की त्याची वाफ होते आणि ती कवचाला उचलून बाजूला करते. म्हणून काप साधारण ३ मिलिमीटर जाडीचे करा, काळे पडू नयेत म्हणून पाण्यात ठेवले असतील तर फडक्यानं कोरडे पुसा, आणि पिठात बुडवण्याआधी कोरड्या बेसनात एकदा घोळवा. हे कोरडं बेसन मधलं पाणी पिऊन टाकतं आणि पीठ धरून ठेवतं. वाटीभर बेसनाला अर्ध्या वाटी पाण्यापासून सुरुवात करा, मग चमच्याचमच्यानं वाढवा. काप बुडवून उचलला की पीठ एकसारखं चिकटून राहिलं पाहिजे आणि जास्तीचं धारेनं गळलं पाहिजे. भसाभस गळून बटाटा दिसायला लागला तर पातळ, गळलंच नाही तर घट्ट. लाडवाचं जाडसर बेसन असेल तर भिजवून १५ मिनिटं थांबा, त्याला पाणी प्यायला वेळ लागतो.

घोसाळ्याची भजी ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. बाहेर कुरकुरीत आणि आत लोण्यासारखी. पण इथे कांद्याचा नियम उलटा. घोसाळ्यात पाणी खूप आणि ते आपल्याला बाहेर नकोय. म्हणून कापांना मीठ लावून ठेवायचंच नाही, मीठ फक्त पिठात, आणि काप ऐन वेळी चिरायचे. वांग्याचंही तसंच.

ओव्याची पानं, मायाळू, पालक यांना पीठ जरा पातळ चालतं, पण पानं धुऊन पूर्ण कोरडी हवीत. पानाच्या खळग्यातला एक पाण्याचा थेंब कढईत काय करतो ते पुढे सांगणारच आहे. मिरचीला उभी चीर द्यायचीच. अख्खी मिरची म्हणजे बंद डबा. आतल्या हवेची आणि वाफेची वाट बंद असेल तर ती फुटते.

फ्लॉवरचे तुरे जाड असतात, त्यांना दोनदा तळणं बरं. हीच युक्ती टपरीवर असते. त्यांच्याकडे ताटात फिकट पिवळ्या भज्यांचा ढीग दिसतो ना? ती अर्धवट तळलेली असतात. गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत. मधल्या वेळात आतलं पाणी कवचाकडे सरकतं, आणि दुसऱ्या तळणीत ते उडून जातं. घरी पण करा: मध्यम आचेवर फिकट रंगावर काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग तेल जरा जास्त तापवून मिनिटभर पुन्हा तळा. पाहुणे यायचे असतील तर पहिली तळणी आधीच उरकता येते.

कढईबाहेरची चूक

हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. भजं तेलात असताना फारसं तेल पीत नाही, कारण आतून वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत येऊ देत नाही. भजं बाहेर काढलं की वाफ थांबते, आतली वाफ गार होऊन आकसते, आत दाब कमी होतो आणि कवचावर लागलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे तेलकटपणाचा मोठा भाग कढईच्या बाहेर, पहिल्या मिनिटात ठरतो!

म्हणून झाऱ्यात भजी उचलली की लगेच ताटात ओतू नका. झारा कढईच्या काठाला टेकवून दहा-पंधरा सेकंद धरा, दोनदा हलकेच झटका. मग चाळणीत किंवा जाळीवर सुटी सुटी पसरा. कागदावर ढीग केलात तर खालच्या भज्यांची वाफ तिथेच अडकते आणि खालची बाजू ओली होते. कागद हवाच असेल तर टिश्यू घ्या, मिनिटभरासाठी. वर्तमानपत्र नको, शाईतले घटक तेलात उतरतात, आणि अन्न वर्तमानपत्रात गुंडाळू नका असं एफएसएसएआयनं २०१६ मध्येच सांगितलंय. आणि झाकण? कृपा करून झाकण ठेवू नका. स्टीलच्या डब्यात भरून "गरम राहतील" म्हणून ऑफिसात नेलेली भजी मी खाल्ली आहेत. गरम होती. भजी नव्हती.

आता जरा गंभीर

माझ्या डाव्या मनगटावर एक डाग आहे. व्हिडिओ करत नाही म्हणून कोणाला दिसत नाही. पुण्यातलं माझं दुसरं वर्ष, चौघी एका खोलीत, असाच पाऊस, आणि आम्ही मिरच्यांची भजी करायला घेतली. मिरच्या धुतल्या, पुसल्या नाहीत, चिराही दिल्या नाहीत. कढई काठोकाठ भरलेली, कारण "बुडली पाहिजेत ना". तिसरी मिरची फुटली आणि तेल माझ्या हातावर आलं. मैत्रिणीनं धावत जाऊन टूथपेस्ट लावली. चांगल्या मनानं लावली, बिचारीनं. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती काढताना मला जे दुखलं ते तेल उडाल्याहून जास्त होतं. ते म्हणाले, पेस्ट लावायच्या ऐवजी नळाखाली हात धरला असता तर इतकं खोल गेलं नसतं.

म्हणून हे नीट ऐका. भाजलं तर लगेच वाहत्या साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. वीस! दोन नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. फोड फोडायचे नाहीत. चेहऱ्यावर, बोटांच्या किंवा मनगटाच्या सांध्यावर असेल, किंवा तळहाताएवढं मोठं असेल, तर डॉक्टरांकडे जायचंच.

कढई अर्ध्याच्या वर भरायची नाही. झारा कोरडा. कढईचा दांडा बाहेर नको. भजी वरून टाकायची नाहीत, तेलाच्या जवळ नेऊन सोडायची. भीतीनं लांबून टाकलं की जास्त उडतं.

आणि तेलानं पेट घेतला तर? पाणी कधीच नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं आणि क्षणात वाफ होतं, म्हणजे सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा व्यापतं. ती वाफ पेटतं तेल घेऊन छतापर्यंत उडते. गॅस बंद करता येत असेल तर करा, स्टीलचं ताट किंवा सपाट झाकण बाजूनं सरकवत कढईवर ठेवा, आणि गार होईपर्यंत उचलू नका. पेटती कढई उचलून मोरीकडे पळायचं नाही. आवाक्याबाहेर वाटलं तर बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. तेल धुरावायला लागलं हीच पहिली सूचना असते, तेव्हा तापत्या कढईपासून फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊ नका. मी पण आत्ता बोलता बोलता गॅस बंद केलाय, बरं का.

उरलेलं तेल

खोलीवर राहणाऱ्यांचा हा खरा प्रश्न. तेल महाग, फेकवत नाही. गार झालं की गाळून घ्या, कारण तळाशी राहिलेला पिठाचा चुरा पुन्हा तापला की जळतो आणि तेल लवकर खराब करतो. बंद बाटलीत ठेवा आणि आठवड्याभरात फोडणीला, भाजीला संपवा. पुन्हा पुन्हा तळायला नको. तेल वारंवार तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा २०१८ पासूनचा नियम आहे. घरी मोजता येत नाही, पण तेल काळपट, चिकट झालं, वर फेस यायला लागला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर आला, तर त्याचं आयुष्य संपलं. सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो आणि घरमालक डिपॉझिटमधून कापतो. बाटलीत भरून, झाकण लावून कचऱ्यात द्या, किंवा जवळपास वापरलेलं तेल गोळा करणारं कोणी असेल तर त्यांना. त्यापासून बायोडिझेल करतात.

कुठलं तेल? रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल चालतं. घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला फार छान, पण ते लवकर धुरावतं, तेव्हा त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा.

एअर फ्रायरबद्दल कोणी तरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. ओलं पीठ जाळीतून गळतं, कारण गरम तेल कवच क्षणात धरतं, तसं गरम हवा धरत नाही. घट्ट कालवलेली खेकडा भजी कागदावर पसरून, वरून तेल लावून होतात. चवीला वाईट नसतात. मी त्यांना भजी म्हणणार नाही, एवढंच.

तर आपल्या श्रोतीसाठी, थोडक्यात नाही, पण नेमकं: पुढच्या वेळी कांद्याला मीठ लावून थांब, वरून पाणी घालू नकोस, एका वेळी पाचच सोड, आच मध्यम ठेव, आणि रंग आला तरी आवाज बारीक होईपर्यंत काढू नकोस. मग झारा काठावर धर. आणि कशी झाली ते व्हॉइस मेसेजवर चावून दाखव, लिहून नको. मला आवाज ऐकायचाय.

चला, माझा चहा गार झाला. पुढच्या भागात आळूवडीबद्दल बोलू, त्यात खाज का येते त्यासकट. तोवर मेसेज करत राहा.

[कढईचा आवाज, मग कुरकुर]

हं. ही शेवटची जरा करपली.